पहिलं संशोधन अनुदान: तरुण सर्जनने आधी काय मागावं

एका तरुण सर्जनने आपले अर्ज आणि नकारपत्रं पाठवून मला प्रश्न विचारला आहे, त्याला हे उत्तर. प्रश्न थोडक्यात असा आहे. शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण संपून दोन-तीन वर्षं झालेल्या या डॉक्टरने संशोधन अनुदानासाठी दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा नकार आला. पीएच.डी. नाही. नावावर मोजके पेपर, त्यातले बहुतेक केस सीरिज, म्हणजे काही रुग्णांच्या नुसत्या नोंदी. आठवडा ओपीडी, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि इमर्जन्सीतच संपतो. कल्पना चांगली आहे असं वरिष्ठही म्हणतात. मग अडतंय कुठे, अर्ज करायचा कुणाकडे आणि रक्कम किती मागायची?

मी असे अर्ज लिहिलेत, आणि अनुदानं ठरवणाऱ्या पॅनेलवर बसून इतरांचे तपासलेतही. म्हणून सुरुवात तपासणाऱ्याच्या बाजूने करतो. अर्ज हातात घेतलेल्या माणसाला मुख्यतः एवढंच जाणून घ्यायचं असतं: हे काम या डॉक्टरच्या हातून, या जागी, या मुदतीत तडीला जाईल का? कल्पना बरी आहे हे तो धरूनच चालतो, कारण पुढ्यातल्या गठ्ठ्यात बऱ्या कल्पना भरपूर असतात. तरुण सर्जनचे अर्ज पडतात ते कल्पनेवर नव्हे, तर 'होईल का' या प्रश्नावर. सर्जनला 'कसं करायचं' हे हाताने माहीत असतं, त्यामुळे ते कागदावर उतरवायची गरजच त्याला वाटत नाही.

हे निव्वळ माझं मत नाही. अमेरिकेच्या एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेत निकषवार १ ते ९ गुण देतात आणि १ म्हणजे सर्वोत्तम. या गुणांचा नंतर अभ्यास झाला, तेव्हा अर्जाच्या एकूण गुणांवर सगळ्यात जास्त प्रभाव 'अप्रोच'चा, म्हणजे कामाच्या आराखड्याचा, दिसला. नावीन्य त्याच्या बरंच मागे होतं. जानेवारी २०२५ पासून तिथे निकषांचे तीन गट केले आहेत: संशोधनाचं महत्त्व, आराखड्याचा काटेकोरपणा आणि शक्यता, आणि संशोधकाचं कौशल्य व साधनं. पहिल्या दोघांना गुण मिळतात. तिसऱ्याला आकडा देत नाहीत. ते पुरेसं आहे की नाही एवढंच नोंदवतात. मोठ्या नावाचं आणि मोठ्या संस्थेचं वजन कमी व्हावं हा त्यामागचा हेतू आहे. म्हणजे नाव नसलेल्याला जागा मिळण्याची शक्यता थोडी वाढली, पण आराखड्यात ढिलाई खपण्याची शक्यता मात्र तेवढीच कमी झाली.

आता मागण्याबद्दल. पैशाच्या आधी वेळ मागा.

सर्जनच्या अर्जात हमखास लिहिलेलं असतं की 'मी आठवड्याचे २० तास या प्रकल्पाला देईन'. सोबत विभागप्रमुखांचं पत्र जोडलेलं असतं: अत्यंत मेहनती, होतकरू, विभागाचा पूर्ण पाठिंबा. ओपीडीचे किती दिवस कमी होणार, ड्युटी कोण उचलणार, याबद्दल त्या पत्रात चकार शब्द नसतो. पॅनेलवर क्लिनिशियन असतातच. रात्रभर इमर्जन्सी करून सकाळी संमतीपत्रं तपासत कुणी बसत नाही, हे त्यांना सांगावं लागत नाही. पत्र कसं असावं? 'अमुक तारखेपासून यांची मंगळवारची ओपीडी आणि गुरुवारची ऑपरेशन लिस्ट दुसऱ्या सहकाऱ्याकडे जाईल. अनुदान मिळो वा न मिळो, पहिलं वर्ष ही व्यवस्था चालू राहील.' या दोन वाक्यांपुढे पानभर कौतुक फिकं पडतं. आणि हे लिहून द्यायला विभागप्रमुख तयार नसतील, तर तेही आताच कळलेलं बरं. अनुदान मिळाल्यावर ही बाब कळली तर फार जड जातं.

वेळ मागण्यात संकोच वाटायचं कारण नाही, कारण व्यवस्थांनी हे तत्त्व केव्हाच स्वीकारलं आहे. एनआयएचची के०८ आणि के२३ ही अनुदानं डॉक्टरांनाच संशोधक म्हणून घडवण्यासाठी आहेत. त्यांत सर्वसाधारणपणे ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवावा लागतो. सर्जनचा हात ओटीपासून सुटला तर चालणार नाही, म्हणून तिथल्या कित्येक संस्था सर्जनना ५० टक्क्यांची मुभा देतात. ब्रिटनमध्ये एनआयएचआर या सरकारी निधी-संस्थेची प्रशिक्षणार्थी डॉक्टरांसाठी खास पदं आहेत. त्यांत अकॅडमिक क्लिनिकल फेलोचा २५ टक्के आणि क्लिनिकल लेक्चररचा ५० टक्के वेळ संशोधनासाठी बाजूला काढलेला असतो. पीएच.डी.चं उत्तरही इथेच मिळतं. के०८ आणि के२३ साठी वैद्यकीय पदवी पुरते, पीएच.डी.ची अट नाही. अट असते ती मार्गदर्शकाची, आणि शिकण्याच्या खऱ्याखुऱ्या योजनेची.

अर्ज कुणाकडे करायचा? तुमच्या दोन्ही अर्जांत मला पहिली खटकलेली गोष्ट हीच, की दोन्ही मोठ्या प्रकल्प-अनुदानांसाठी होते. त्या स्पर्धेत तुमच्यासमोर वीस वर्षं हेच करणारे लोक असतात. नवोदितांसाठी वेगळे दरवाजे ठेवलेले असतात, ते आधी ठोठवावेत. आपल्याच संस्थेचा अंतर्गत निधी, आपल्या शाखेच्या संघटनेचा निधी, मग वेळ विकत देणाऱ्या फेलोशिप, आणि मग कुठे प्रकल्प. इंग्लंडचं रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स एक वर्षाच्या संशोधन फेलोशिप देतं. ब्रिटनच्याच अकॅडमी ऑफ मेडिकल सायन्सेसची क्लिनिकल लेक्चररसाठीची स्टार्टर ग्रँट ३०,००० पौंडांपर्यंतची राहिली आहे. एनआयएचचं आर०३ हे छोटं अनुदान, दोन वर्षं, वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत. भारतात इंडिया अलायन्स या निधी-संस्थेने क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य संशोधकांसाठी वेगळ्या फेलोशिप ठेवल्या आहेत. रकमा छोट्या दिसतात, पण छोटं अनुदान वेळेत, हिशोबासह पूर्ण केल्याची नोंद पुढच्या अर्जात दहा केस सीरिजपेक्षा जास्त बोलते.

एक बारीक गोष्ट बरेच जण विसरतात: पात्रतेचं घड्याळ. 'नवोदित' कोण हे प्रत्येक संस्था आपापल्या परीने ठरवते. एनआयएचमध्ये शेवटची पदवी किंवा क्लिनिकल प्रशिक्षणाचा शेवट, यांपैकी जे उशिरा असेल तिथून १० वर्षं मोजतात, आणि बाळंतपणासाठी एक वर्ष वाढवून मिळतं. सर्जनचं प्रशिक्षण लांबतं, त्यामुळे घड्याळ कुठून सुरू होतं यावर खूप काही अवलंबून असतं. आजारपण, बाळंतपण, सक्तीची सेवा यांच्या तारखा अर्जात नोंदवा. सूट मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

आता मुख्य भाग. इथेच बहुतेक अर्ज गडगडतात: रुग्णांची संख्या.

समजा तुमचा प्रश्न असा आहे. इमर्जन्सी लॅपरोटॉमीत, म्हणजे तातडीने पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत, पोटात पू किंवा मळ पसरलेला असेल, तर त्वचा लगेच शिवायची, की जखम उघडी ठेवून चार-पाच दिवसांनी शिवायची? प्रश्न उत्तम आहे, रोजचा आहे, आणि एकाच विभागातले दोन सर्जनही यावर वेगळं बोलतात. जखमेच्या संसर्गाचं प्रमाण सध्या २० टक्के धरू. अर्जात लिहिलेलं असतं, 'उशिरा शिवल्याने हे प्रमाण १० टक्क्यांवर येईल.' १० टक्केच का? तर गणित बसतं म्हणून. ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सिग्निफिकन्स पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरली, तर २० वरून १० टक्क्यांचा फरक दाखवायला प्रत्येक गटात साधारण २०० रुग्ण पुरतात. पण तुमच्या अनुभवाला स्मरून सांगा, नुसत्या शिवण्याच्या वेळेने संसर्ग निम्म्यावर येईल? २० वरून १५ म्हणालात तर ते पटण्यासारखं आहे. मात्र मग प्रत्येक गटात ९०० च्या वर रुग्ण लागतात, दोन्ही मिळून १,८०० हून अधिक, आणि फॉलोअपमध्ये दहावा हिस्सा गळतो असं धरलं तर २,०००. अपेक्षित फरक निम्मा केला की रुग्ण चौपटीच्या वर जातात. हे गणित पॅनेलवरच्या संख्याशास्त्रज्ञाला तोंडपाठ असतं. पटणार नाही इतका मोठा फरक दिसला की त्याची पेन्सिल तिथेच थांबते.

दुसरी बाजू याहून कडू आहे. वर्षाला ३०० इमर्जन्सी लॅपरोटॉमी होतात म्हणून ३०० रुग्ण मिळतील, असं अर्जदार लिहितो. रजिस्टर घेऊन बसा आणि एकेक नाव खोडा. त्यात खरोखर दूषित पोट किती? १२० म्हणू. पहिल्या ४८ तासांत दगावलेले, पुन्हा उघडावे लागलेले, पोट उघडंच ठेवलेले, आधीच स्टोमा (पोटावर काढलेला शौचमार्ग) असलेले वगळले की ८० उरतात. त्यातले किती रात्री आले, जेव्हा संमती घ्यायला अभ्यासातलं कुणी हजर नव्हतं? उरले ५०. नातेवाईक घाबरलेले, रुग्ण शुद्धीवर नाही, कुणी सरळ नाही म्हटलं. हातात आले ३०. आता ४०० रुग्णांचा अभ्यासही तेरा वर्षांचा झाला, आणि तुम्ही तर अनुदान तीन वर्षांचं मागितलं होतं. अभ्यास सुरू झाला की रुग्ण अचानक गायब होतात, या अनुभवाला लुई लसान्या या औषधशास्त्रज्ञाच्या नावाने 'लसान्याचा नियम' म्हणतात. म्हणताना लोक हसतात, पण अनुभव खराच आहे. ब्रिटनमध्ये दोन सरकारी निधी-संस्थांनी पैसे दिलेल्या ११४ क्लिनिकल चाचण्या (रुग्णांवर उपचारांची तुलना करणारे अभ्यास) तपासल्या, तर ठरवलेली मूळ रुग्णसंख्या जेमतेम ३१ टक्के चाचण्यांनी गाठली होती. त्या चाचण्या निवडून आलेल्या, तज्ज्ञांनी आखलेल्या होत्या.

एक गाजलेलं उदाहरण सांगतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उघडी शस्त्रक्रिया बरी की लॅपरोस्कोपिक व रोबोटिक, म्हणजे कमी छेदाची, हे पाहणारी एलएसीसी ही चाचणी. ३३ केंद्रं, ६३१ रुग्ण, आणि भरती चालली जून २००८ ते जून २०१७. निकाल २०१८ मध्ये आला आणि त्याने सगळ्यांची झोप उडवली. तीन वर्षं रोगमुक्त राहण्याचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९७.१ टक्के आणि कमी छेदाच्या शस्त्रक्रियेत ९१.२ टक्के होतं. जगभर रुळलेली पद्धत त्यामुळे मागे घ्यावी लागली. प्रश्न मोलाचा होता यात वादच नाही. पण एकट्या नवोदित सर्जनने तीन वर्षांत करण्याचा तो अभ्यास नव्हे.

म्हणून प्रश्न सोडून द्यायचा का? मुळीच नाही. पहिलं अनुदान चाचणीचं मागू नका, चाचणी शक्य आहे का हे पाहण्याचं मागा. पायलट किंवा फीजिबिलिटी अभ्यास म्हणतात तो हाच, आणि त्यासाठी २०१६ पासून कॉन्सॉर्टची (चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणाऱ्या नियमावलीची) वेगळी मार्गदर्शक सूचीही आहे. इथेही एक खोड फार दिसते. ३०-३० रुग्णांचे दोन गट घेऊन 'परिणामाचा प्राथमिक अंदाज' काढायचा म्हणतात. ३० पैकी ६ विरुद्ध ३० पैकी ३, यातून काहीच कळत नाही. उलट त्या आकड्यांवर मोठ्या चाचणीचं गणित बांधलं तर तेही बुडतं. पायलटने वेगळे प्रश्न विचारायचे असतात. पात्र रुग्णांपैकी किती जण संमती देतात? ठरलेल्या पद्धतीनेच जखम शिवली गेली, असं किती जणांत झालं? ३० व्या दिवशी किती जण सापडले? यांना आकडे लावा. १०० जणांना विचारलं आणि ६० जण हो म्हणाले, तर खरं प्रमाण ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असावं, असं ठामपणे सांगता येतं. आणि आधीच लिहून ठेवा: संमती ४० टक्क्यांच्या खाली गेली तर मोठी चाचणी या रूपात करणार नाही. 'थांबण्याची' अट स्वतःहून लिहिणारा अर्जदार विरळा. असं वाक्य दिसलं की पॅनेलचा सूरच बदलतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मोठ्या संख्येचा दुसरा रस्ता म्हणजे सहयोगी गट. ब्रिटनमधल्या रॉसिनी चाचणीत लॅपरोटॉमीच्या जखमेच्या कडांना संरक्षक कडं लावल्याने संसर्ग कमी होतो का, हे पाहिलं. २१ रुग्णालयं, ७६० रुग्ण, आणि काम ओढणारे बहुतांशी प्रशिक्षणार्थी सर्जन. २०१३ चा निकाल 'फरक नाही' असा आला: २४.७ विरुद्ध २५.४ टक्के. नकारात्मक निकाल, तरीही त्या पिढीतल्या सर्जनसाठी ते मोलाचं शिक्षण ठरलं. त्याच परंपरेतून पुढे चीता ही चाचणी झाली. सात कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १३,३०१ रुग्ण घेऊन, पोट बंद करण्याआधी ग्लोव्ह्ज आणि उपकरणं बदलल्यास काय होतं, हे पाहिलं. संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर आला. फरक तीन टक्क्यांचा. तो पकडायला तेवढेच रुग्ण लागतात. अशा अभ्यासात आपल्या केंद्राचे प्रमुख म्हणून काम केलंत, ठरलेले रुग्ण दिलेत, डेटा पूर्ण भरलात, तर 'या डॉक्टरला चाचणी कशी चालते हे माहीत आहे' हे तुमच्या अर्जात शब्दांनी सांगावं लागत नाही.

शस्त्रक्रियेच्या अर्जात आणखी एक अडचण असते, जी औषधाच्या अर्जात नसते. गोळी सगळ्यांना सारखीच मिळते, टाका प्रत्येकाचा वेगळा. पॅनेलवरचे बिगरसर्जन सदस्य नेमकं हेच विचारतात: कुणी केलं, किती अनुभवाने केलं, शिकण्याचा काळ संपलाय का, पद्धत सगळीकडे एकच होती हे कसं तपासणार? २००९ मध्ये मांडलेली आयडियल चौकट याचसाठी आहे. कल्पना, विकास, चाचपणी, मूल्यमापन आणि दीर्घकालीन पाठपुरावा, अशा पायऱ्यांवर नवी शस्त्रक्रिया नेमकी कुठे उभी आहे, हे तिच्यावरून सांगता येतं. तुमची पद्धत अजून विकासाच्या पायरीवर असेल, तर रँडमाइज्ड (रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं गटांत वाटणाऱ्या) चाचणीचा अर्ज करणं घाईचं आहे, आणि हे पॅनेलने सांगण्याआधी तुम्हीच लिहा. ब्लाइंडिंगचंही, म्हणजे कुणाला कुठला उपचार झाला हे लपवण्याचंही, तसंच. 'शस्त्रक्रियेत ब्लाइंडिंग शक्य नाही' हे वाक्य खपत नाही. गुडघ्याच्या आर्थ्रोस्कोपीची (दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेची) नुसत्या वरवरच्या छेदांशी तुलना करणारी १८० रुग्णांची चाचणी २००२ मध्येच प्रसिद्ध झाली, आणि खऱ्या आर्थ्रोस्कोपीचा जास्त फायदा दिसला नाही. प्रत्येकाने खोटी शस्त्रक्रिया करावी असा याचा अर्थ नाही. पण जखम तपासणारा माणूस तरी ऑपरेशन करणाऱ्यापेक्षा वेगळा आणि गटाची माहिती नसलेला असू शकतो की नाही?

हे ओघाने आलंच, तर आउटकमबद्दल, म्हणजे शेवटी काय मोजणार त्याबद्दल, सांगतो. 'जखमेचा संसर्ग' एवढं लिहून भागत नाही. कुठल्या व्याख्येने? अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या निकषांनी म्हणत असाल तर लॅपरोटॉमीसाठी मुदत ३० दिवसांची आहे, आणि तुमचा रुग्ण आठव्या दिवशी घरी गेलेला असतो. संसर्गाचे कित्येक रुग्ण डिस्चार्जनंतरच उघडकीस येतात. मग ३० व्या दिवशी त्याची जखम कोण पाहणार? फोनवरून प्रश्नावली, रुग्णाने पाठवलेला फोटो, की प्रवासखर्च देऊन भेट? उत्तर काहीही असो, ते बजेटमध्ये दिसलं पाहिजे. अर्जात फॉलोअप ९५ टक्के आणि बजेटमध्ये फोन करणाऱ्याचा पगार शून्य, ही विसंगती अनुभवी डोळा पहिल्या दोन मिनिटांत पकडतो.

बजेटचं सूत्र यातूनच निघतं. रक्कम आधी ठरवून काम बसवू नका. कामाची यादी करा आणि प्रत्येक कामासमोर माणूस लिहा. रुग्ण कोण शोधणार, रात्री संमती कोण घेणार, रँडमायझेशन कुठून चालणार, डेटा कोण तपासणार, विश्लेषण कोण करणार. सर्जनच्या बजेटमध्ये यंत्रं फार आणि माणसं कमी असतात. क्लिनिकल संशोधन माणसांवर चालतं. एका चांगल्या रिसर्च नर्सचा पगार मागा आणि लॅपटॉप सोडून द्या. संख्याशास्त्रज्ञाच्या वेळेचे पैसे जरूर धरा. शेवटच्या आठवड्यात 'जरा सॅम्पल साइज काढून देता का' म्हणून गेलात, तर ते गणित अर्जात उपऱ्यासारखं दिसतं. संस्थेचा ओव्हरहेड (व्यवस्थापनाचा खर्च), एथिक्स कमिटीची फी, विमा, प्रकाशनाचा खर्च हे निधी देणारी संस्था मान्य करते का, हे तिच्या नियमांतून एकदा वाचून घ्या. मुद्दाम कमी रक्कम मागितल्याने अर्ज आवडता होत नाही. काम कळलेलं नाही असाच त्याचा अर्थ लावला जातो.

कंपनीच्या पैशांबद्दल थोडक्यात. घ्यायला हरकत नाही, पण डेटा कुणाचा आणि निकाल काहीही आला तरी छापण्याचा हक्क कुणाचा, ही दोन कलमं करारात तुमच्या बाजूने नसतील तर सही करू नका. चाचणीची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झालीच पाहिजे. प्रमुख वैद्यकीय नियतकालिकं २००५ पासून त्याशिवाय पेपर घेत नाहीत.

अर्जाचं पहिलं पान हे खरं रणांगण. एनआयएचमध्ये उद्दिष्टांना एकच पान मिळतं. अर्ज बारकाईने वाचायला दिलेला असतो तो साधारण तिघांना. पॅनेलमधले बाकीचे ते पान आणि तिघांचं म्हणणं यांवरच मत बनवतात. ते पान 'शस्त्रक्रियेनंतरचा संसर्ग ही जागतिक समस्या आहे' असं सुरू करू नका. ते सगळ्यांना ठाऊक आहे. असं लिहा: 'दूषित पोटाच्या लॅपरोटॉमीत त्वचा कधी शिवावी यावर सर्जनमध्ये एकमत नाही. आमच्या विभागात गेल्या वर्षी दोन्ही पद्धती वापरल्या गेल्या, आणि कुठली वापरायची हे ड्युटीवरच्या सर्जनवर अवलंबून होतं. हा अभ्यास मोठ्या चाचणीपूर्वी तीन गोष्टी ठरवेल.' प्रश्न, अनिश्चितता आणि जागा, तिन्ही चार ओळींत आलं. आणि मग ते पूर्ण पान तुमच्या शाखेबाहेरच्या डॉक्टरला वाचायला द्या. त्वचारोगतज्ज्ञाला ते कळलं नाही, तर पॅनेललाही कळणार नाही.

मार्गदर्शक दोन हवेत. एक तुमच्या विषयातला, दुसरा पद्धतीतला, म्हणजे चाचण्या किंवा एपिडेमिऑलॉजी (लोकसमूहांतल्या आजारांचा अभ्यास) करणारा. विषयातल्या दिग्गजांची तीन-तीन नावं लावून लोक अर्ज सजवतात, पण ते महिन्यातून किती वेळा भेटणार हे कुठेच नसतं. ज्याने अलीकडे स्वतः अनुदान मिळवून पूर्ण केलंय असा, तुमच्याहून पाच-सात वर्षं पुढचा माणूस बऱ्याचदा जास्त कामाचा. जमलं तर त्याचा मंजूर झालेला अर्ज वाचायला मागा. मोकळ्या मनाचे लोक देतात.

आणि नकाराबद्दल. दोन नकार म्हणजे काहीच नाही, हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला: एनआयएचचे २५ अर्ज ४३ तपासनीसांना दिले. एकाच अर्जावर दोन तपासनीसांचं एकमत जवळपास नव्हतंच. म्हणजे निकालात नशिबाचा वाटा खरोखर आहे. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने तर २०१३ पासून काही अनुदानांत पात्र ठरलेल्या अर्जांतून सरळ चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. २०१८ मध्येच नेदरलँड्सच्या नवोदितांच्या अनुदानांचा अभ्यासही आला. मंजुरीच्या रेषेच्या जरा वर राहून अनुदान मिळालेल्यांनी पुढच्या आठ वर्षांत जरा खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळवला. कारणांपैकी एक साधं होतं: खाली राहिलेल्यांनी पुढे अर्जच कमी केले. याच्या उलट, एनआयएचच्या अर्जदारांवरचा २०१९ चा अभ्यास सांगतो की थोडक्यात हुकलेले, पण मैदानात टिकून राहिलेले संशोधक, पुढे थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा सरस ठरले.

पण पुन्हा अर्ज करणं म्हणजे तोच अर्ज पुन्हा पाठवणं नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत नव्या प्रस्तावाला सरासरी ३८ कामाचे दिवस लागत होते, आणि फेरअर्जाला २८. एवढे दिवस देणार असाल तर नीट द्या. शेरे आले की दोन दिवस बाजूला ठेवा, राग निवळू द्या. मग तीन ढीग करा: तपासनीसाचं बरोबर आहे, त्याचा गैरसमज झाला आहे, तो आणि मी असहमत आहोत. गैरसमजाचा ढीग सगळ्यात मोठा निघतो, आणि तो तुमच्याच लिहिण्याचा दोष समजा. दिसत नव्हतं, म्हणूनच त्याने वाचलं नाही. असहमतीच्या ढिगात एक-दोनच मुद्दे ठेवा, आणि तिथे मवाळ शब्दांत पण ठामपणे पुराव्यासह लिहा. उत्तराची सुरुवात आभारांनी भरू नका. एनआयएचमध्ये फेरअर्जाची संधी एकदाच, ३७ महिन्यांच्या आत, आणि बदल सांगायला फक्त एक पान. त्या पानात आभारांना जागा उरत नाही.

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही नकारपत्रांतले शेरे पाहिले. दोन्हीकडे 'रुग्णसंख्या पटत नाही' आणि 'संशोधकाचा वेळ स्पष्ट नाही' हे आहेच. बाकीचे शेरे आता बाजूला ठेवा. पुढची अंतिम तारीख सहा आठवड्यांवर आहे असं तुम्ही लिहिलंय. ती सोडून द्या. त्याऐवजी गेल्या दोन वर्षांचं ओटी रजिस्टर काढा, वर सांगितल्याप्रमाणे एकेक नाव खोडत जा, आणि शेवटी उरलेला आकडा घेऊन विभागप्रमुखांकडे ओपीडीचा एक दिवस मागायला जा. संस्थेच्या अंतर्गत निधीसाठी फीजिबिलिटीचा छोटा अर्ज त्याच आकड्यावर लिहा. संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या आठवड्यातच भेटा, आणि अर्जाचा पहिला खर्डा झाला की मला पाठवा.